आपली मराठी पुस्तकं ॲन आर्बरमध्ये स्कॅन होऊन पडली आहेत. ती उघडायची कशी?

मोटनाडा

नमस्कार मंडळी. पुरंदर आणि साताऱ्याकडच्या मोटेच्या विहिरींवर मी गेली चार वर्षं माहिती गोळा करतोय. स्वतः मोट, म्हणजे विहिरीतून पाणी काढायची बैलांनी ओढायची कातडी पिशवी, हाकलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्याकडून नाडा, सोंदूर (मोटेचे दोर), धाव (बैलांची उतरती वाट), थारोळं (मोटेचं पाणी पडतं ती जागा) हे शब्द आणि त्यामागचं काम टिपून घेतो, मग जुन्या छापील पुस्तकांशी ताडून बघतो.

मागच्या महिन्यात हाथीट्रस्ट या अमेरिकी विद्यापीठांच्या डिजिटल ग्रंथालयाच्या शोधखिडकीत ‘थारोळें’ असा जुन्या वळणाने, अनुस्वारासकट शब्द टाकला. १९०८ साली पुण्यात छापलेलं शेतीवरचं एक पुस्तक समोर आलं. भारतातून बघताना फक्त पानांचे आकडे दिसतात, शब्द अमुक पानावर आहे एवढंच. माझी भाची मिशिगनमध्ये ॲन आर्बरला असते. तिने तोच दुवा तिथून उघडला आणि अख्खं पुस्तक तिच्या पडद्यावर! त्या रात्री दीड तास तिने मला ते फोनवर वाचून दाखवलं. मराठी वाचायची सवय राहिलेली नाही, जोडाक्षरांपाशी अडखळत होती, पण ‘मामा, पुढचं पान?’ असं विचारत राहिली. मोटेच्या कातड्याला तेल कधी द्यावं, धावेचा उतार किती असावा, सगळं त्यात आहे. हे मी चार वर्षं शोधत होतो.

एक गोष्ट मात्र हाती लागली नाही. अनुक्रमणिकेत ‘दुमोटी विहिरीचा नकाशा’ (दोन मोटा चालणारी विहीर) असं आहे. स्कॅनमध्ये त्या जागी घडी घातलेला कागद तसाच दिसतो, नकाशाची फक्त एक कड.

‘मराठी पुस्तकांचं डिजिटायझेशन कधी होणार’ असं आपण नेहमी म्हणतो. मला आता वाटतं की प्रश्न निम्मा चुकीचा आहे. हजारो मराठी पुस्तकं अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत स्कॅन होऊन तयार आहेत. कुलपाची किल्ली कुणाकडे आहे आणि आपण काय करू शकतो, हे जाणकारांनी सांगावं.

हुरोनकाठ

तुमच्या भाचीच्या गावातच मी अठरा वर्षं राहतोय, त्यामुळे इथली बाजू सांगतो.

गूगलचा लॅरी पेज मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी. इथल्या ग्रंथालयात तेव्हा सुमारे ७० लाख ग्रंथ होते. सगळे स्कॅन करायला किती वेळ लागेल असं त्याने विचारलं, तेव्हा विद्यापीठाचा अंदाज होता १,००० वर्षं. तो म्हणाला, आम्ही सहा वर्षांत करू. २००२ मध्ये त्याने आणि गूगलमधल्याच मरिसा मायरने ऑफिसात मेट्रोनोम लावून, त्याच्या ठोक्यावर पानं उलटत ३०० पानांचं पुस्तक टिपून पाहिलं होतं, ४० मिनिटं लागली होती. डिसेंबर २००४ मध्ये योजना जाहीर झाली. मिशिगन, हार्वर्ड, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड ही विद्यापीठं आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी. पुढे आणखी कित्येक आली. २०१९ पर्यंत गूगलने ४ कोटींवर पुस्तकं स्कॅन केली होती.

पण माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय गूगलचा नव्हता, विद्यापीठांचा होता. स्कॅनची एक प्रत आम्हालाही द्या, ही अट त्यांनी करारात घातली. त्या प्रती एकत्र ठेवायला मिडवेस्टमधली विद्यापीठं आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ ऑक्टोबर २००८ मध्ये एकत्र आली, तेच हाथीट्रस्ट. नाव आपल्याकडच्या हत्तीवरूनच, जो काही विसरत नाही. आज तिथे पावणेदोन कोटींहून जास्त खंड आहेत आणि साठ्याची दुसरी प्रत इंडियानापोलिसला आहे. त्याच २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात लाख पुस्तकं स्कॅन करून आपला प्रकल्प मे महिन्यात बंद केला होता. कंपनीचं मन बदलू शकतं, ग्रंथालयाने आपली प्रत ठेवायलाच हवी, हे मला तेव्हा पटलं.

मार्च २०२० मध्ये इथली ग्रंथालयं कुलूपबंद झाली तेव्हा सदस्य ग्रंथालयांच्या वाचकांना त्यांच्याच कपाटातल्या पुस्तकांच्या स्कॅन प्रती तात्पुरत्या उघडून दिल्या होत्या. माझ्या बायकोचा प्रबंध त्यावर पुरा झाला.

निवृत्त_ग्रंथपाल

धागा वाचून बसवेना, म्हणून लिहिते. मराठी पुस्तकं तिकडे गेली कशी, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल.

पी. एल. ४८० हे नाव आमच्या वयाच्या माणसांना रेशनच्या दुकानामुळे माहीत आहे. १९५४ चा तो अमेरिकी कायदा. त्याखाली आलेल्या गव्हाचे पैसे भारत रुपयांत भरायचा आणि ते रुपये इथेच साठत जायचे. त्यातल्या काही रकमेतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली नवी पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली, आणि एकेक प्रत शिकागो, मिशिगन, विस्कॉन्सिन, बर्कली, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांना जाऊ लागली. कादंबऱ्या, कवितासंग्रह, स्मरणिका, सहकारावरची पुस्तकं. इथे हजाराची आवृत्ती निघायची, रद्दीत जायची, आणि तिकडे तिच्या प्रती वातानुकूलित कपाटात. तिकडच्या कॅटलॉगमध्ये जुन्या नोंदींवर अजूनही ‘पीएल ४८०’ अशी खूण सापडते.

तो गहू खाऊन मी शाळेत गेले. त्याच्या पैशातून घेतलेली पुस्तकं आता माझ्या नातवंडांना पडद्यावर मिळावीत, एवढी इच्छा आहे.

१९६२ नंतरची बहुतेक पुस्तकं अजून स्वामित्वहक्कात आहेत. १९०८ चं तुमचं पुस्तक या वाटेने गेलेलं नसणार, ते ग्रंथालयाने वेगळं मिळवलं असेल. लेखकाचं नाव मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९३७ ची पुस्तकं नोंदलेली आहेत, त्यात बघते.

विधिज्ञा

किल्लीचं उत्तर मी देते. जरा किचकट आहे, सावकाश वाचा.

अमेरिकेत जुन्या पुस्तकाचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं. १९०८ चं पुस्तक तिथे केव्हाच मुक्त झालं. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. पूर्वी ५० होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, १९९१ अखेर त्यांचं सगळं लेखन मुक्त होणार होतं, तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवली. म्हणजे आपल्याकडे पुस्तकाचं साल बघून काही कळत नाही, लेखक केव्हा वारला ते कळावं लागतं. हाथीट्रस्टकडे लाखो परदेशी लेखकांची मृत्युसालं नाहीत. म्हणून बरीच जुनी पुस्तकं सोडली तर अमेरिकेबाहेर छापलेलं पुस्तक ते ‘फक्त अमेरिकेत खुलं’ असं ठेवतात. मोटनाडांना पुस्तक दिसत नाही आणि त्यांच्या भाचीला दिसतं, त्याचं कारण हे.

याच्या उलटही होतं. साने गुरुजी १९५० साली गेले. भारतात त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. पण १९९६ मध्ये अमेरिकेने परदेशी पुस्तकांचे हक्क पुन्हा जिवंत केले, आणि त्या वेळी गुरुजींचं लेखन भारतात हक्काखालीच होतं. त्यामुळे त्यांचं १९३५ साली निघालेलं पुस्तक अमेरिकेत २०३० अखेरपर्यंत बंद राहणार. इथे खुलं, तिथे बंद!

करण्यासारखं काय? एक म्हणजे नोंद तपासण्याची विनंती. लेखकाचं मृत्युसाल आणि ते कुठून मिळालं हे कळवलं तर ते नोंद तपासू शकतात. उघडेलच अशी हमी नाही, पण विचारल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. दुसरं, हक्कदार स्वतः परवानगीचा अर्ज भरून आपलं पुस्तक जगभर खुलं करू शकतो.

पुस्तकांचं_दुकान

मी लहान प्रकाशक आहे. सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू.

ही पुस्तकं लेखकांना न विचारता स्कॅन झाली. अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्डने सप्टेंबर २००५ मध्ये खटला भरला तो त्यासाठीच. माझ्या वडिलांनी घर गहाण ठेवून छापलेली पुस्तकं आहेत. ‘जुनं आहे, विकलं जात नाही, मग उघडा’ हे ऐकलं की पोटात गोळा येतो. दरवर्षी वीसपंचवीस प्रती का होईना, जातात.

विधिज्ञा

तुमची काळजी खरी आहे आणि न्यायालयातही ती मांडली गेली होती. २००८ मध्ये १२.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. हक्कदार सापडत नाही अशा पुस्तकांच्या विक्रीची मुभा त्यात एकट्या गूगलला मिळाली असती. न्यायाधीश डेनी चिन यांनी मार्च २०११ मध्ये ती फेटाळली, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनीच शोधासाठी स्कॅन करणं आणि दोनचार ओळी दाखवणं फेअर यूजमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या रास्त वापरात बसतं असा निकाल दिला. वरच्या न्यायालयाने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये उचलून धरला, आणि एप्रिल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. शोधता येणं वेगळं, वाचता येणं वेगळं. तुमची पुस्तकं शोधात सापडली तर गिऱ्हाईक तुमच्याच दुकानात येईल. इथे बोलतोय ते मुख्यतः मालक उरलेला नाही, किंवा मालकालाच उघडायचंय अशा पुस्तकांबद्दल.

कानानं_वाचते

मी जन्मांध आहे. हा प्रतिसाद मोबाईलच्या आवाजाच्या मदतीने लिहितेय.

त्या खटल्यांत माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा निकाल हाथीट्रस्टवरचा आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायाधीश हॅरॉल्ड बेअर यांनी अंध वाचकांना स्कॅन पुस्तकं पुरवणं कायदेशीर ठरवलं, आणि २०१४ च्या अपिलातही ते टिकलं. छापील पुस्तक विकत आणून पान न् पान घरी स्कॅन करून घेणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांत आईने रोज रात्री जेवणं झाल्यावर तेच केलं.

भारतही इथे मागे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आमच्यासाठी पुस्तकाचं रूप बदलायला परवानगी लागत नाही. अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत यासाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच, २०१४ मध्ये. सुगम्य पुस्तकालय हे आमच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. पण मराठी जुन्या पुस्तकाचं स्कॅन म्हणजे माझ्यासाठी नुसतं चित्र. त्यातून अक्षरं निघाली नाहीत तर स्क्रीन रीडर गप्प बसतो. ‘पुस्तक नेटवर आहे’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, मजकूर आहे की फोटो?

शिळाप्रेस

कानानं_वाचते ताईंनी नेमकं बोट ठेवलं. याच कामात माझी काही वर्षं गेली, म्हणून तपशिलात लिहितो.

गूगलचं यंत्र पुस्तकाची बांधणी मोडत नाही. पुस्तक उघडं ठेवतात, वरून कॅमेरे, आणि अदृश्य अवरक्त प्रकाशाचा नमुना पानावर पाडून पानाची वळणं मोजतात, मग संगणक पान सपाट करतो. २००९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पानं मात्र माणूसच उलटतो, कित्येक पानांवर रबरी टोपण घातलेली बोटं दिसतात. वेगाचा हिशोब असल्यामुळे घडीचे नकाशे उघडले जात नाहीत. मोटनाडांचा दुमोटी नकाशा तिथे अडकला.

तरुणपणी मी एका स्कॅनिंग केंद्रात होतो. दिवसाला अमुक पानं हा दट्ट्या. चिकटलेली दोन पानं सोडवत बसलो तर आकडा कमी भरायचा. नावं रोमन लिपीत टाकायची आणि टाकणाऱ्याला मराठी येत नसायचं. एकाच लेखकाच्या पुस्तकाचे तीन खंड तीन वेगळ्या स्पेलिंगांखाली गेलेले मी पाहिलेत. त्या वेळी बोललो नाही, याचं वाईट वाटतं. चुकीच्या नावाखालचं पुस्तक हरवल्यातच जमा. नोंदींचा घोळ आपल्याकडेच आहे असंही नाही. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री नुनबर्ग यांनी २००९ मध्ये गूगल बुक्सवर कडाडून टीका केली होती, १८९९ हे साल भलत्याच पुस्तकांना चिकटलं होतं.

आता ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून संगणकाने मजकूर काढणं. इंग्रजी पुस्तकांतले संगणकाला न वाचता आलेले शब्द रीकॅप्चाने (संकेतस्थळांवर ‘तुम्ही माणूस आहात का’ हे तपासणाऱ्या चाचणीने) जगभरच्या लोकांकडून वाचवून घेतले. देवनागरीच्या वाट्याला तसं काही आलं नाही. शिरोरेखेने अक्षरं जोडलेली, जोडाक्षरं उभी रचलेली, वर जुन्या मराठीचे अनुस्वार. शिळाप्रेसवरचं, म्हणजे हाताने लिहून दगडावरून छापलेलं पुस्तक म्हणजे तर हस्ताक्षरच. अलीकडे गूगलचं ओसीआर देवनागरी चांगलं वाचतं, विकिस्रोत या मुक्त पुस्तकांच्या संकेतस्थळावर ते बटण दाबून वापरता येतं. एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर, आपण चुका सुधारायच्या. मी रोज चार पानं करतो. ताई, तुम्हाला हवं ते पुस्तक सांगा, त्याने सुरुवात करू.

सोलापूरचा_वाचक

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे.

अमेरिकेवर किती काळ विसंबायचं? आपला प्रयत्न झाला होता. कार्नेगी मेलनच्या राज रेड्डींच्या मिलियन बुक प्रोजेक्टमधून, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया उभी राहिली. लाखो पुस्तकं, त्यात मराठीही भरपूर. ते संकेतस्थळ पुढे बंद झालं. त्याआधी मोठा भाग इंटरनेट आर्काइव्हवर उतरवला गेला म्हणून आज ती पुस्तकं मिळतात. गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाने आपली दुर्मीळ पुस्तकं खुली केली आहेत, साहित्य संस्कृती मंडळाचीही उतरवून घेता येतात. हे वाढायला हवं.

मोटनाडा

विसंबायचं नाहीच. पण तयार झालेलं वापरायला हरकत काय? मोटेचे शब्द मी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत तपासतो, तीही शिकागो विद्यापीठाने नेटवर ठेवली म्हणून. आपली शक्ती आपण जे तिकडे नाहीच त्यावर लावावी असं मला वाटतं: तालुक्याच्या वाचनालयांतले अंक, स्थानिक साप्ताहिकं, संस्थांचे अहवाल. आणि स्कॅन करताना घड्या उघडाव्यात!

लेखकाची_मुलगी

माझे वडील १९६० च्या दशकात लिहीत. तीन पुस्तकं, तिन्ही केव्हाची अनुपलब्ध. हा धागा वाचून शोधलं तर तिन्ही हाथीट्रस्टवर, शोधापुरती. आमच्या घरीसुद्धा एकाचं मुखपृष्ठ उरलेलं नाही.

विधिज्ञा, आम्ही तीन भावंडं आहोत. अर्जावर तिघांच्या सह्या लागतील का?

विधिज्ञा

मृत्युपत्रात हक्क एकालाच दिलेले नसतील तर तिघांची संमती घ्या, पुढे वाद नको. प्रकाशकाशी झालेला करारही आधी शोधा. हक्क कायमचे लिहून दिले असतील तर प्रकाशकाला विचारावं लागेल.

पुस्तकांचं_दुकान

ताई, करार सापडला नाही तर मला व्यनि करा. त्या काळचे बरेच प्रकाशक माझ्या वडिलांच्या ओळखीचे होते, आता त्यांची मुलं-सुना माझ्या ओळखीची आहेत. मी फोन लावतो. आणि आमच्या यादीतली पाच पुस्तकं अशी आहेत की जी आम्ही पुन्हा छापणार नाही. लेखकांच्या घरच्यांशी बोलून ती खुली करायचा विचार करतोय.

हुरोनकाठ

वा! फार बरं वाटलं.

अवांतर नाही म्हणून सांगतो. जून २०२५ मध्ये हार्वर्डने सुमारे १० लाख मुक्त पुस्तकांचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासासाठी दिला, अडीचशेवर भाषांतला. जी पुस्तकं बंद आहेत किंवा ज्यांचा मजकूर धड निघालेला नाही, ती तिथेही नसणार. उद्याच्या यंत्रांना मराठी कितपत येईल, हेही या कामावर ठरेल.

निवृत्त_ग्रंथपाल

मोटनाडा, दाते सूचीत तुमचं पुस्तक सापडलं. जुन्या नियतकालिकातल्या मृत्युलेखावरून लेखक १९२० च्या दशकातच वारले असं दिसतं, म्हणजे भारतात पुस्तक मुक्त आहे. मृत्युलेखाचा फोटो पाठवला आहे, विनंतीबरोबर जोडा. शिवाय मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विचारलं. तुमच्याच भागातल्या एका शतक ओलांडलेल्या वाचनालयाच्या दाखलनोंदवहीत त्याची प्रत आहे. नंबर व्यनित दिलाय.

मोटनाडा

उशीर झाला, पण आज जाऊन आलो.

वाचनालय सकाळी दोन तासच उघडं असतं. तिथल्या मावशींनी नोंदवहीतला नंबर बघून तासभर कपाटं उपसली. पुस्तक खालच्या फळीवर, कसरीने कडा खाल्लेल्या, पण आतून शाबूत. नकाशा घडीतच होता. मावशी म्हणाल्या, ‘जपून, मी धरते एका बाजूला.’ दोघांनी मिळून चार घड्या उघडल्या, खाली पांढरा कागद घातला, खिडकीपाशी नेऊन फोटो काढले. दुमोटी विहीर, दोन्ही धावा, थारोळं, पाटाचा उतार, सगळं मापांसकट. शिळाप्रेस, मूळ फाईल तुम्हाला पाठवतो, विकिस्रोतावर चढवताना कशी लावायची ते सांगा. मृत्युलेखासह विनंती काल रात्री पाठवली आहे, उत्तर आलं की इथे लिहीन.

नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, मोडीत, एक ओळ आहे. लावून पाहिली: ‘आमचे विहिरीस धाव अठरा हात, उतार यापेक्षां कमी ठेविला, बैलांस सोपें जातें.’ ही ओळ ॲन आर्बरच्या प्रतीत नाही.